पन्हाळ्यावरून समुद्राकडे: वाटेत जेवायचं कुठे, आणि कुणाला सांगून

(ध्वनिमुद्रित भागाचं शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)

आजचा भाग खाण्याचा आहे, तेव्हा जेवून ऐकायला बसला असाल तर बरं, नाहीतर माझ्या नावानं शंख कराल.

मी पन्हाळ्यावरून बोलतोय. आता पन्हाळ्याचा आणि समुद्राचा काय संबंध, असं कुणी म्हणेल. समुद्र इथून दिसत नाही. पण कोल्हापूर, सांगली, मिरजेकडून रत्नागिरीला निघालेली गाडी वाघबीळच्या फाट्यावरून जाते, आणि त्यातल्या बऱ्याच गाड्या ‘आलोच आहे तर’ म्हणून डावीकडे वळून गडावर येतात. तीन दरवाजा, सज्जाकोठी, अंबरखाना बघतात, झुणका-भाकर खातात आणि भाकरी वाढणाऱ्या मावशींना किंवा माझ्यासारख्या इथल्या माणसाला विचारतात, “पुढं जेवायला चांगलं कुठं मिळेल हो?”

हा प्रश्न इतक्या वेळा ऐकलाय की एक अख्खा भाग त्यावरच करायचं ठरवलं. पण ‘टॉप टेन हॉटेल’ अशी यादी मी देणार नाही, ती तुम्हाला फोनवर दोन मिनिटांत मिळेल. या रस्त्यावरचं सगळ्यात चांगलं जेवण त्या यादीत बहुतेक वेळा नसतंच. ते कुणाच्या तरी पडवीत असतं, चार टेबलांवर असतं, आणि आधी सांगितलं असेल तरच असतं. ते कसं गाठायचं, ते सांगतो.

गड आणि घाट

आधी थोडं मागं जाऊ, कारण हा रस्ता खाण्याच्याच मालासाठी शेकडो वर्षं वाहतोय. पन्हाळा शिलाहारांच्या काळापासूनचा. देशावरून कोकणातल्या बंदरांकडं जाणाऱ्या वाटांवर नजर ठेवणारा गड. सोळाशे साठच्या वेढ्याची गोष्ट आपल्या सगळ्यांना पाठ आहे. सिद्दी जौहर, पावसाळी रात्र, बाजीप्रभू. त्यातला एक तपशील मात्र लोक विसरतात. वेढ्यात सिद्दीच्या मदतीला राजापूरच्या वखारीतले इंग्रज आले होते. राजापूरचे, म्हणजे घाटाखालच्या बंदरातले. महाराजांनी १६६१ मध्ये राजापूरवर चाल करून त्याचा हिशेब चुकता केला. बंदर आणि गड एकाच दोरीला बांधलेले होते, हे त्यावरून कळतं.

या वाटांनी वर काय यायचं? मीठ, नारळ, आमसुलं, सुकी मासळी. खाली काय जायचं? गूळ, धान्य, मिरची. आजही बघा. आपला पांढरा रस्सा नारळाच्या दुधाशिवाय होत नाही, आणि कोल्हापुरात नारळाच्या बागा किती आहेत ते तुम्हीच सांगा. खालच्या शिरवाळ्यांच्या रसात गूळ लागतो, तो वरून जातो.

आता नवीन कारण. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोनं मराठा लष्करी भूप्रदेश म्हणून बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा दर्जा दिला. त्यात पन्हाळा आहे, विजयदुर्ग आहे आणि सिंधुदुर्गही आहे. म्हणजे पन्हाळ्यावरून निघून रत्नागिरी, विजयदुर्ग, मालवण आणि फोंडा किंवा गगनबावड्यानं परत, अशी चार दिवसांची फेरी केली की तीन वारसास्थळं होतात. लोक आता ही फेरी ठरवून करायला लागलेत. चांगलंच आहे. पण गर्दी वाढली की पहिला ताण येतो तो स्वयंपाकघरावर. माझा आजचा मुद्दा तिथंच आहे.

भाकरी बघत जा

हा प्रवास किलोमीटरमध्ये मोजू नका, भाकरीवर मोजा. पन्हाळ्यावर ज्वारीची भाकरी, झुणका, खर्डा, फोडलेला कांदा आणि छोट्या मडक्यातलं दही. खर्डा मागताना जरा अंदाज घ्या, हिरव्या मिरचीचा असतो तो, शोभेचा नसतो. सकाळी दहा-साडेदहाला हे पोटभर खाल्लं की दुपारपर्यंत चिंता नाही. इथं एक विनंती करतो. भाकरी तव्यावरची गरम हवी असेल तर दहा मिनिटं थांबा. घाई केली की तुम्हाला आधी थापून ठेवलेली मिळते आणि मग तुम्हीच म्हणता, चिवट होती.

गडावर वस्ती आहे, नगरपरिषद आहे, शाळा आहे. हा नुसता बघायचा किल्ला नाही, राहता किल्ला आहे. वारसा दर्जाची चर्चा चालू होती तेव्हा इथल्या लोकांनी घरादाराची आणि पोटापाण्याची काळजी बोलून दाखवली होती. त्या पोटापाण्यात या झुणका-भाकरीच्या चुली येतात. तेव्हा गडावर आलात तर पाकिटातले वेफर्स खाऊन उतरू नका, एवढंच म्हणतो.

पुढं बांबवडे, मलकापूर. शाहूवाडी तालुका लागला की पाऊस वाढतो, भात दिसायला लागतो आणि ज्वारीच्या जोडीला नाचणी येते. आंबा गावात पोचायला वाघबीळपासून साधारण दीड तास. रस्ता रुंदीकरणाची कामं गेली काही वर्षं चालू आहेत, त्यामुळं वेळ थोडा इकडंतिकडं धरा. जुन्या टपऱ्यांपैकी काही मागं सरकल्या, काही उठल्या. चहाची ओळखीची जागा दिसली नाही तर दचकू नका.

आंबा घाट उतरला, साखरपा आलं, की भाकरी पांढरी होते. तांदळाची. ताटात आमसूल येतं, नारळ येतो, आणि आपला कांदा-लसूण मसाला मागं राहतो. तिखटपणा तोच ठेवून चव बदलते, ती कशी ते जिभेवर बघण्यासारखं आहे.

कुठे, कधी

आता दिवसांचा हिशेब सांगतो. पहिल्या दिवशी दुपारी रत्नागिरी. इथं मिरकरवाडा हे मोठं मासेमारी बंदर आहे, शहरात हॉटेलं भरपूर आहेत, त्यामुळं पहिलं जेवण आगाऊ न सांगताही चालतं. फक्त अडीचच्या आत टेबलावर बसा. पुढं कोकणभर हा नियम आहे. दुपारी साडेबारा ते अडीच, रात्री आठ ते साडेनऊ. साडेतीनला दार वाजवलं तर माणसं नाही म्हणत नाहीत, पण तळलेलं परत तळून मिळतं.

शाकाहारी मंडळींनी पहाटे निघून दुपारच्या आत पावस गाठावं. स्वामी स्वरूपानंदांच्या मठात दुपारी खिचडीचा प्रसाद असतो. साधी, मऊ, गरम. प्रवासात पोटाला त्याहून बरं काही नाही.

दुसऱ्या दिवशी किनाऱ्याकिनाऱ्यानं दक्षिणेला. पूर्णगड, कशेळी, आडिवरे, नाटे, जैतापूर, मग वाघोटणची खाडी ओलांडून विजयदुर्ग. हा रस्ता सुंदर आहे आणि उपाशी ठेवणारा आहे, दोन्ही. मोठी हॉटेलं नाहीत. गावांत ‘घरगुती जेवण मिळेल’ अशा पाट्या दिसतात, आणि खाली बारीक अक्षरात ‘ऑर्डरप्रमाणे’. ती बारीक अक्षरं महत्त्वाची. रत्नागिरीहून निघून मध्ये थांबत विजयदुर्गला पोचायला तीन ते चार तास जातात, तेव्हा आदल्या संध्याकाळीच विजयदुर्गला फोन करून ठेवा.

संध्याकाळी देवगड, रात्री कुणकेश्वर. कुणकेश्वरला देवळाच्या आसपास शाकाहारी जेवण मिळतं. काळ्या वाटाण्याची उसळ आणि आंबोळी किंवा घावणे मिळाले तर दुसरं काही मागू नका. एप्रिल-मेमध्ये गेलात तर देवगडात हापूस असतोच, पण घावण्याबरोबर आमरस खाऊन बघा. पोळीबरोबरचा आमरस आपण घरी खातोच की.

तिसऱ्या दिवशी मिठबाव, आचरा करत मालवण. इथं ‘चैतन्य’सारखी नावाजलेली हॉटेलं आहेत, तिथं गर्दी असते आणि ती का असते ते जेवल्यावर कळतं. पण मालवणच्या आजूबाजूला, तारकर्ली-वायरीच्या रस्त्यावर घराघरांत खानावळी आहेत. सिंधुदुर्गाची होडी सकाळची पकडा, म्हणजे दुपारी बाराला परत येऊन वेळेत जेवाल. पावसाळ्यात ही होडी बंद असते, तेही लक्षात ठेवा.

चौथ्या दिवशी कणकवली, फोंडा घाट, दाजीपूर, राधानगरी आणि कोल्हापूर. निघण्यापूर्वी घाट चालू आहे का ते विचारा, पावसात दरडी येतात. घरी पोचून तांबडा-पांढरा खाल्लात की फेरी पूर्ण.

‘सुरमई आहे का?’

आता मुख्य गोष्ट. घाटावरचा माणूस कोकणातल्या खानावळीत शिरला की पहिलं वाक्य हेच. सुरमई आहे का? नाहीतर पापलेट आहे का? आपल्याला दोनच नावं येतात, त्याला इलाज नाही. पण या दोन नावांमुळं काय होतं बघा. त्या दिवशी जाळ्यात बांगडा आलेला असतो, फडफडीत. पण गिऱ्हाईक सुरमई मागतं म्हणून खानावळवाल्याला बर्फातली सुरमई ठेवावी लागते. तुम्ही महाग आणि शिळं खाता, आणि ताजा बांगडा त्यांच्याच घरी शिजतो.

म्हणून प्रश्न बदला. विचारा, “काकी, आज काय गावलंय?” मालवणात उत्तर येईल, “बांगडो गावलो हा, सुरमय नाय.” मग बांगडा घ्या. तिरफळ घातलेलं बांगड्याचं तिखलं तांदळाच्या भाकरीबरोबर खाल्लं की सुरमईची आठवण राहत नाही. पावसाळ्यानंतर बांगडा आणि तारली जोरात असतात. किनाऱ्यावर रापण ओढताना बघायला मिळाली तर जरूर थांबा. होडीनं जाळं समुद्रात अर्धगोल सोडतात आणि दोन्ही टोकं किनाऱ्यावरून माणसं ओढत आणतात. जे येईल ते वाटून घेतात. तिथं कुणी ठरवून सुरमई ओढत नाही, येईल ते येतं. आपल्या ताटानंही तसंच असावं.

खाडीकडं तिसऱ्या, मुळे, कालवं मिळतात, कुर्ल्या मिळतात. मोरीचं मटण म्हणतात ते मटण नव्हे, मोरी म्हणजे लहान शार्क मासा. कुणी फसवत नाही, नावच तसं आहे.

जून-जुलैमध्ये जाणार असाल तर नीट ऐका. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते. माशांच्या विणीचा काळ, शिवाय समुद्र खवळलेला. या दिवसांत कुणी ‘ताजी सुरमई’ म्हणून वाढली तर ती कुठून आली हा प्रश्न मनात येऊ द्या. त्याऐवजी पावसाळ्याचं जेवण मागा. कुळथाची पिठी, गरम भात, भाजलेला सुका बांगडा किंवा सुकट. टाकळ्याची भाजी, त्यात फणसाच्या आठळ्या. भारंगी, अळू. हे जेवण मेनूकार्डावर नसतं, कारण पर्यटकाला हे कसं द्यायचं म्हणून त्यांनाच संकोच वाटतो. तुम्ही मागितलं तर चेहरा खुलतो. खोटं वाटत असेल तर मागून बघा.

आणखी एक. पापलेट २०२३ मध्ये आपल्या राज्याचा राज्यमासा झाला. त्याच वर्षी सरकारनं ५४ जातींच्या माशांसाठी किमान आकार ठरवून दिला, त्याहून लहान मासा पकडायचा नाही, असा. कारण सरळ आहे. पिल्लंच खाल्ली तर पुढच्या वर्षी अंडी घालायला कोण उरणार? ताटात तळहाताच्या निम्म्याएवढं पापलेट आलं आणि ‘स्वस्तात मिळालं’ म्हणून आनंद झाला, तर तो आनंद जरा तपासून घ्या.

फोन करा, आणि केला तर जा

हे शेवटचं, आणि माझ्या दृष्टीनं सगळ्यात महत्त्वाचं.

घरगुती खानावळ चालते कशी? बहुतेक ठिकाणी एक बाई, तिची सून किंवा जाऊ, आणि मासळी आणायला घरातला एखादा पुरुष. सकाळी लिलावातून किंवा ओळखीच्या होडीवरून मासळी येते. तुम्ही ‘आठ जण येतोय’ म्हणालात, की आठ जणांची मासळी घेतली जाते, रोख पैसे देऊन. नारळ फोडले जातात, वाटप वाटलं जातं, सोलकढीसाठी दूध काढलं जातं. हे सगळं तुम्ही गाडीत गाणी ऐकत असता तेव्हा.

देवगड ते मालवणच्या पट्ट्यात एका खानावळीत आम्ही चौघं जेवत होतो. मागच्या ओटीवर बारा पानं मांडलेली होती. पाणी वाढलेलं, पेले पालथे. अडीच वाजले, पावणेतीन झाले. काकी दोनदा फोन करून आल्या. पलीकडून कुणी उचलला नाही. मग तिसऱ्यांदा उचलला आणि सांगितलं, “आम्ही पुढं निघालो, वाटेत एक मोठं हॉटेल दिसलं.” काकी काही बोलल्या नाहीत. पानं उचलली. आमच्या ताटात आणखी दोन तुकड्या वाढल्या आणि म्हणाल्या, “खावा, नायतर वाया जातला.” आम्ही खाल्लं, पण बारा जणांचं चौघं किती खाणार? त्या दिवसाची कमाई गेली, आणि पदरचे पैसेही गेले. मोठ्या हॉटेलला बारा माणसं न येणं कळतही नाही. इथं ते महिनाभर पुरतं.

अशा चार-दोन वेळा झालं की माणसं काय करतात? ‘ऑर्डरप्रमाणे’ची पाटी काढतात. मासळी फ्रीजरमध्ये भरून ठेवतात, म्हणजे कुणी आलं न आलं तरी नुकसान नाही. सोलकढी गडद गुलाबी आणि गोडसर व्हायला लागते, कारण ती आता पाकिटातली असते. आणि मग आपणच येऊन म्हणतो, कोकणात पूर्वीसारखं जेवण राहिलं नाही. कसं राहील?

म्हणून फोन करताना चार गोष्टी सांगा. किती जण, त्यात शाकाहारी किती, किती वाजता, आणि ‘जे ताजं असेल ते करा’. थोडे पैसे आधी पाठवा, मोबाईलवरून दोन मिनिटांचं काम. उशीर होणार असेल तर कळवा. घाटात रेंज जाते, तेव्हा आंब्यातच फोन करून घ्या. आणि जमणारच नसेल तर आदल्या रात्री सांगा, सकाळी मासळी घ्यायच्या आत. एवढं केलं की तुम्ही गिऱ्हाईक राहत नाही, पाहुणे होता. पुढच्या वेळी त्याच आवाजात विचारतील, “गेल्या वर्षी ईलेलात ते तुम्हीच मा?”

नंबर कुठून मिळवायचे? मुक्कामाच्या ठिकाणी विचारा. एसटीच्या चालक-वाहकांना विचारा, ते रोज जेवतात. एका खानावळीत जेवलात की पुढच्या गावातली त्यांनाच विचारा. मामी, वहिनी, काकी यांचं हे जाळं फोनपेक्षा जुनं आहे आणि अजून तरी चुकलेलं मी बघितलेलं नाही. नंबर लिहून ठेवा आणि तुमच्या नंतर जाणाऱ्याला द्या.

आणि सोमवारी, गुरुवारी, श्रावणात जाणार असाल तर आधी विचारून घ्या. बऱ्याच घरांत त्या दिवशी मासळी शिजत नाही. त्या दिवशी वडे आणि काळ्या वाटाण्याचं सांबारं खा. मासळी दुसऱ्या दिवशी असतेच.

तर मंडळी, रस्ता सांगितला, वेळा सांगितल्या, फोनवर काय बोलायचं तेही सांगितलं. या फेरीवर जाऊन आलात तर कुठं काय जेवलात ते आम्हाला आवर्जून कळवा. पुढच्या भागात गगनबावड्याच्या बाजूनं वर येऊ. तोवर पन्हाळ्यावर आलात तर भाकरी गरम मागा, दहा मिनिटं थांबा, आणि खर्डा जरा बेतानं.

नमस्कार.